तुला सवय लागली नव्हती, मामा

मामा,

तुझा ढेकणांचं औषध फवारायचा पंप अजून पडवीतच आहे. निळा, प्लॅस्टिकचा, पाठीवर घ्यायचा. एका बाजूचा बंद तुटल्यावर तू मागाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा लावून शिवलेला. आज दुपारी मी त्याचं झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. तो वास. तुझ्या शर्टाला, तुझ्या सायकलला, दिवाळीला तू आणायचास त्या चिवड्याच्या पिशवीलासुद्धा यायचा तो. लहानपणी मला तो आवडायचा, कारण तो आला की मामा आला. आज मी परसात जाऊन ओकले. मामी पाठ चोळत म्हणाली, "उपाशी हाईस सकाळधरनं, त्यानं झालं." मी उपाशी नव्हते.

उद्या तुझा बारावा. परवा हा पंप तुझ्या पोराच्या, संजूच्या पाठीवर चढायचा आहे. असं ठरलं आहे, आणि ठरवलं आहे एका कावळ्यानं. त्याचं पुढे सांगते. आधी आपलं भांडण, कारण ते अर्धंच राहिलं.

कबनूरच्या त्या बारा खोल्यांच्या लाइनीत आमची खोली शेवटची. बाबा यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला. बाकी खोल्यांत लांबून आलेले विणकर, एकेका खोलीत आठ-आठ. चार दिवसपाळीला, चार रातपाळीला. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. अंथरूण कधी गार पडायचंच नाही. ढेकणांना आणखी काय पाहिजे? बाजेच्या सांध्यात, विजेच्या बोर्डामागं, देवाच्या कॅलेंडरच्या पाठीला, सगळीकडं तेच. भिंतीवर बोटानं चिरडलेल्या ढेकणांचे तपकिरी फराटे आणि कुजक्या कोथिंबिरीसारखा तो वास. आजही कोथिंबीर चिरताना मी तोंड फिरवते. माग आणि खोल्या दोन्हींचे मालक म्हणायचे, "ही भायेरची लोकं घेऊन आली ढेकणं." आठ माणसं एका खोलीत कोणी कोंबली, हे त्यांना कोणी विचारायचं नाही. तूही नाही.

सातवीत असताना माझ्या गणवेशाच्या कॉलरवरून एक ढेकूण चालत निघाला. शेजारची मुलगी किंचाळली. सगळ्या वर्गानं बाक मागं सरकवले. बाईंनी मला व्हरांड्यात उभं केलं, तेही हात न लावता, पट्टीनं दार दाखवून. मी घरी येऊन सांगितलं, उद्यापासून शाळा नाही, मी कांड्या भरते. संध्याकाळी तू आलास. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ढेकणापायी शाळा सोडतीस व्हय? मग ढेकूण जिकला की गं."

मग तू चूल पेटवलीस आणि माझा गणवेश, दप्तर, रिबिनी, सगळं मोठ्या पातेल्यात कढत पाण्यात बुडवलंस. काठीनं ढवळत बसलास. त्यानंतर दर रविवारी. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात औषध मारून यायचास आणि माझा गणवेश उकळायचास. बारावीपर्यंत. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझ्या नावावर आहे असं लोक म्हणतात. ती कढत पाण्यातून निघाली आहे, हे मला आणि तुलाच माहीत.

कॉलेजात सरांनी नैसर्गिक निवड शिकवली. लांबच्या बेटांवरचे पक्षी, त्यांच्या चोची. मी घरी येऊन तुला सांगायला लागले, तर तू मधेच तोडलंस. "त्या बेटावर कशाला जायचं? आमच्या लाइनीत या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तू दोन बरण्या घेऊन आलास. एकीत लाइनीतले ढेकूण. दुसरीत तुझ्या ओळखीच्या एका म्हातारीच्या घरातले, जिनं उभ्या जन्मात घरात औषध मारू दिलं नव्हतं. दोन्हींत दहा-दहा. कागदाची एक-एक पट्टी औषधात बुडवून तू दोन्हींत टाकलीस आणि आपण चहा प्यायला बसलो. कप रिकामे होईपर्यंत म्हातारीचे सगळे उताणे झाले होते. लाइनीतले सात मेले आणि तीन चालत होते.

"बघ, बघ," तू म्हणालास, "कशी फिराय लागल्यात! रंकाळ्यावर हवा खायला आल्यागत."

"का फिरतात, मामा?"

"सवय लागलीया त्यास्नी. ताक प्याल्यागत पित्यात."

मी नवीन शिकलेली, मला ऐकवेना. मी म्हणाले, "सवय नाही लागत, मामा. कुठलाच ढेकूण औषध पिऊन बदलत नाही. हे तीन आधीपासूनच थोडे वेगळे होते. कुणाची कातडी जाड असेल, कुणाच्या पोटात विष लवकर मोडत असेल. हे बाकीच्यांपेक्षा ताकदवान नाहीत, शहाणे नाहीत, नुसते या एका बाबतीत वेगळे. औषधानं बाकीचे मेले, हे उरले. आता पोरं यांचीच होणार आणि ती यांच्यासारखीच होणार. दर फवारणीला असंच."

तू बरणी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिलास. मग हळूच म्हणालास, "म्हंजे इतकी वर्सं मी औषध मारत न्हाय. बी राखतोय."

माझ्या वर्गात साठ मुलं होती, मामा. हे इतकं नेमकं एकालाही सांगता आलं नव्हतं. तू चौथी शिकलेला. कणसांतलं चांगलं कणीस बियाण्याला बाजूला ठेवायचं, हे तू लहानपणी शेतात पाहिलं होतंस. तेच तू बरणीत पाहिलंस. आणि लगेच तुला मालकांची रीत आठवली. ते एका बाटलीत बारा खोल्या करायला लावायचे. "पाणी घाल की, काय हुतंय?" तू घालायचास. पातळ औषधानं कच्चे मरायचे आणि पक्के उरायचे. "आयला," तू म्हणालास, "मालकांनी पाणी घातलं आणि मी पैदास केली."

तिथंच भांडण संपायला हवं होतं. पण तुला सवय हा शब्द सोडवेना. "ढेकणाचं पटलं. माणसाचं न्हाय पटत. मला लागली की सवय! पहिल्या साली डोस्कं धरायचं, रोज ओकायचो. आता बघ." आणि तू बादलीत हात घालून औषध कोपरापर्यंत कालवून दाखवलंस.

मी हसले. "मग तू ढेकूण झालास, मामा."

तूही हसलास. मामी आतून ओरडली, "दोघं येडी झाल्यात!" आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तो हात औषधानं ओला होता आणि आपण हसत होतो. या आठवणीची मला आता इतकी किळस येते की हसणाऱ्या त्या मुलीच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढं मी शिकवायला लागले, कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेतली. तरी घरी आले की तू भांडण काढायचासच. "काय मास्तरीणबाई, माणसाला सवय लागती का न्हाय?" मी म्हणायचे नाही, तू म्हणायचास व्हय, मामी म्हणायची जेवून घ्या.

गेल्या वर्षी मी तुला वर्गात बोलावलं. तू इस्त्रीचा शर्ट घालून, त्याच दोन बरण्या पिशवीत घेऊन आलास. मुलांना म्हणालास, "पोरांनू, ढेकणाला सवय लागत न्हाय बरं का. पुस्तकात तसं कुठं असंल तर खोडा." वर्गानं बाक वाजवले. मी मागं उभी होते.  आणि मग तू बरणी वर धरलीस आणि ती थरथरली. बरणीचं झाकण खडखडलं. मुलं हसली, त्यांना वाटलं तू मुद्दाम करतोयस. तू दुसऱ्या हातानं मनगट धरलंस आणि तूही हसलास.

मी बघितलं होतं, मामा. मुलांना शिकवते त्याच धड्यात आहे की ही औषधं किड्याच्या मज्जातंतूंवर चालतात, आणि माणसालाही त्याच जातीचे मज्जातंतू आहेत. तुझा हात का हलतो हे मला त्या मिनिटाला कळलं. मळमळ थांबली म्हणजे विष थांबलं असं नसतं. शरीरानं नुसतं ओरडणं सोडून दिलेलं असतं. हे तुला सांगायला मी तुला बसस्टँडवर सोडायला आले आणि वाटेत तुला उसाचा रस पाजला. तू म्हणालास, "लई भारी झालं न्हवं?" मी म्हणाले, लई भारी.

पण तू त्या दिवसापासून माझा धडा खरा करायला घेतलास. पातळ मारायचं नाही. एकही उरू द्यायचा नाही. मालकांनाही ते पटलं, कारण कामगार ढेकणांना कंटाळून खोल्या सोडायला लागले होते. "एकदाच काय ते संपीव," ते म्हणाले. तुझा फोन आला. "पोरी, उसावर मारायचं औषध आणलंय. बघू आता कोण फिरतंय रंकाळ्यावर."

बंद खोलीत शेताचं विष. मला माहीत होतं. मी काय म्हणाले? "तोंडाला फडकं बांध, मामा."

फडकं. एमएस्सी झालेल्या बाईचा सल्ला.

तिसऱ्या नंबरच्या खोलीत तू पडलास. दार फोडणारे अख्तरभाई, वीस वर्षं इथं माग चालवणारे, मला दवाखान्यात सांगत होते, "दीदी, चाचांनी आतनं कडी लावली होती. बोले, पोरं खेळतायत, आत येतील." पोरांच्या नाकात जाऊ नये म्हणून तू स्वतःला आत कोंडून घेतलंस. म्हणजे तुला कळत होतं की ते नाकात जातं. दुसऱ्यांच्या.

तीन दिवस. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर विचारत होते, कुठलं औषध, किती वर्षं, हातमोजे होते का. आणि मालक व्हरांड्यात उभे राहून म्हणत होते, "असं कसं झालं? रघूला तर सवय हुती." मग तू गेल्यावर त्यांनी माझ्याकडं वळून, शिकलेल्या माणसाशी शिकलेलं बोलावं तसं म्हटलं, "निसर्गाचा नियमच हाय, मॅडम. ताकदीचा टिकतो, बाकीचं जातंय." मला ओरडायचं होतं, टिकले ते ढेकूण आहेत हो! त्यांची ताकद बघायची असेल तर तुमच्या तीन नंबरच्या खोलीत एक रात्र झोपा. पण मामीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवय आहे, मामा. ही एक मात्र लागते.

आता कावळ्याचं. तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षा सावडली, भात, वडे आणि तुझी आवडती जिलेबी पानावर मांडली. कावळे झाडावर होते, खाली येईनात. पाऊण तास. मग लोकांनी सुरू केलं. कुणी म्हणालं वहिनीला सांभाळतो, कुणी म्हणालं नातवंडांची शाळा बघतो. कावळा हलेना. मामीनं तोंडात पदर कोंबला. "कशात अडकलाय ह्यांचा जीव?"

शेवटी मालक पुढं झाले. ऊन होतं म्हणून ते मघापासून पानाच्या शेजारीच काळी छत्री उघडून उभे होते. त्यांनी छत्री मिटली, काखेत मारली, हात जोडले आणि मागं सरत म्हणाले, "रघू, काळजी करू नगंस. तुझं काम संजू चालवंल. लाइन त्याच्याकडंच."

आणि कावळा उतरला. जिलेबीच उचलली.

सगळे रडले. मालकांनीही डोळे पुसले. "बघा, ह्यातच जीव हुता त्याचा. आन् संजूला काय अवघड न्हाय, रक्तातच हाय त्याच्या. बापाची सवय पोरात उतरतीच की." लोकांनी माना हलवल्या. तिशीचा संजू, मागावरचं काम सुटलेला, दोन पोरींचा बाप, टकलावर ऊन घेत उभा होता, आणि त्याची तुझ्या जागी नेमणूक झाली होती.

कावळा छत्रीला भीत होता, मामा. एवढंच. छत्री मिटली आणि कावळा आला. पण त्याच वेळी वाक्य आलं म्हणून लोकांनी कावळ्याला वाक्य चिकटवलं. जसं ढेकूण चालला म्हणून तू त्याला सवय चिकटवली होतीस. जसं तुझं ओकणं थांबलं म्हणून. मला त्या पानावरच्या प्रत्येक शितात ते शेताचं औषध दिसत होतं. तुझ्याच दिवसावर, तुझ्याच नावानं तुझ्या पोराला खोलीत ढकलताहेत आणि वर म्हणताहेत की तुझीच इच्छा. आणि मी? मी जिलेबीकडं बघत होते.

आठ दिवस मी ते पोटात घेऊन फिरले. आज संजू पडवीत पंप धुवायला बसला, उघड्या हातानं, तुझ्यासारखाच, आणि मी त्याच्यासमोर बसले.

"संजू, तू हे करायचं नाहीस."

"आक्का, कावळा शिवला की."

"छत्री मिटली म्हणून शिवला. आठव. मालकांनी छत्री मिटली आणि मागं सरले."

त्यानं आठवलं. त्याचे हात थांबले. "आन् सवय?"

"नव्हती. तुझ्या आण्णांना नव्हती, तुला नाही, कुणालाच नसते. आणि त्यांना असती तरी तुझ्यात उतरली नसती. पैलवानाच्या पोराचा कान मोडका जन्मतो का?"

तो किंचित हसला. तुझ्यासारखंच, एका बाजूनं. मग मी त्याला सगळं सांगितलं. मज्जातंतूंचं, बरणी थरथरली त्याचं, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्यांचं. तो पंपाकडं बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे तुला कवापासनं ठावं हुतं?"

"आण्णा वर्गात आले होते तेव्हापासून."

"मग त्यास्नी का न्हाय सांगितलंस?"

मामी दारात येऊन उभी होती. तिनंही ऐकलं.

 त्याचं उत्तर तुला देते. मुलं तुझ्यासाठी बाक वाजवत होती आणि तुझं ते सुख मला मोडवेना, हे एक. पण तेवढंच नाही. तुझ्या हाताबद्दल बोलले असते तर मला कबूल करावं लागलं असतं की ज्या हातानं माझा गणवेश उकळला तोच हात हळूहळू मरत होता, आणि मी त्या मरणावर शिकले. आणि तिसरं, सगळ्यात घाण. मला भांडण आवडायचं. दर सुट्टीला येऊन तुला हरवायला आवडायचं. चौथी शिकलेल्या मामाला हरवणारी मास्तरीण. भांडण संपवायचं असतं तर मला जिंकणं सोडून तुझा हात धरावा लागला असता.

 संजूनं पान्हा घेऊन पंपाच्या नळीचं पितळी तोंड सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "हे कोल्हापूरला ने. हे नसलं की पंप नुसता डबा." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पण आक्का, ढेकणं काय आपापली जाणार हाईत? खोल्यांत माणसं हाईत की."

मामी दारातून बोलली. हीच ती मामी, जी आपल्या भांडणात कायम जेवून घ्या म्हणायची. "हिचा गणवेश कशानं केला हुता ह्यांनी? उद्याच्या जेवणाचा मोठा हंडा येतोय. परवा त्यो माघारी धाडायचा न्हाय. लाइनीत चूल मांडू. चादरी कढत पाण्यात, बाजांवर कढत पाणी वतायचं. ऊन हाय तोवर वाळत टाकू."

"मालक काय म्हणतील?"

"त्यास्नी म्हणावं छत्री घिऊन या," मामी म्हणाली. "उन्हाचं लई वेळ उभं ऱ्हायला लागंल."

तू असतास तर हसला असतास. आम्ही तिघं हसलो.

अख्तरभाईंना निरोप गेला आहे. ते रातपाळी करून येतो म्हणाले, बाजा बाहेर काढायला चार जण घेऊन. बारा खोल्या एका दिवसात व्हायच्या नाहीत. भिंतीतले उरतील, परत करावं लागेल, रविवारी, पुढच्या रविवारी. तू बारावीपर्यंत केलंस. पण आजवर त्या पातेल्यातून एकही ढेकूण चालत बाहेर आलेला मी पाहिला नाही.

ते पितळी तोंड माझ्या पर्समध्ये आहे. तीन वेळा साबणानं हात धुतले, तरी बोटांना वास येतोच आहे. येऊ दे.

आपल्या भांडणात माझंच खरं निघालं, मामा. मला माझ्या कुठल्याच खरेपणाची इतकी शिसारी आली नव्हती. तुझं खरं निघायला हवं होतं. माणसाला सवय लागायला हवी होती, निदान एका माणसाला, निदान तुला. तू या दिवाळीला चिवड्याची पिशवी घेऊन दारात उभा राहिला असतास, त्या वासासकट, आणि विचारलं असतंस, काय मास्तरीणबाई, लागती का न्हाय?

व्हय मामा, लागती, असं मी म्हटलं असतं. आणि तुझा हात धरून तो नळाखाली नेला असता.